थायरॉईडची गोळी: धीर कुठे धरायचा, घाई कुठे करायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, मुलगी पाच वर्षांची, दुसऱ्या बाळाचा विचार सुरू आहे. थकवा, केस गळणे आणि दोन वर्षांत वाढलेले ८ किलो वजन यासाठी तपासणी केली. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) ९.२, फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉईड हार्मोन) नॉर्मल आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) बरेच वाढलेले निघाले. थायरॉक्सिनची, म्हणजे टी४ ची, २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. १५ दिवसांनी पुन्हा रक्त दिले आणि गोळी ५० ची झाली, त्यानंतर तीन आठवड्यांनी ७५ ची. आता टीएसएच एकदम ०.२ आला आहे आणि फ्री टी४ वरच्या टोकाला गेले आहे. गोळी निम्मी करावी की बंदच करावी, हे तुम्हाला विचारायचे आहे. शिवाय वजन का उतरत नाही, कोबी-फ्लॉवर सोडायचे का, आणि गोळी जन्मभराची म्हणजे आपण जन्मभर आजारी का, हेही तुम्ही विचारले आहे. पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिले आहे की सकाळी या गोळीबरोबरच लोहाची आणि केसांसाठी बायोटिनची (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची) गोळीही घेता. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

गोळी बंद करू नका. निम्मीही लगेच करू नका. छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे, कारण नसताना वजन घटणे यातले काही होत असेल तर मात्र आजच तुमच्या डॉक्टरांशी बोला, कारण मग प्रश्न वेगळा होतो. तुमच्या लिहिण्यात यातले काही नाही. थकवा, थंडी वाजणे, पोट साफ न होणे हे सगळे होते तसेच आहे. टीएसएच खरोखर इतका खाली आला असता तर अंगाला काहीतरी फरक जाणवण्याची शक्यता होती. म्हणून माझा संशय रिपोर्टवर आहे.

टीएसएच आणि टी४ मोजणाऱ्या अनेक पद्धतींमध्ये खुद्द बायोटिनच वापरलेले असते. रक्तात बाहेरून भरपूर बायोटिन आले की त्या पद्धतींची मोजणी फसते. टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि फ्री टी४ खोटेच जास्त. तुमच्या रिपोर्टचे चित्र नेमके असेच आहे. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केसांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या शेकडो पट असते. सगळ्याच लॅबच्या पद्धतींत ही गडबड होत नाही, पण ज्यांत होते त्यांच्या रिपोर्टवर तसे काही छापून येत नाही. आणि बायोटिनला कोणी औषध मानत नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

दुसरी गोष्ट लोहाची. लोह आतड्यातच थायरॉक्सिनला धरून ठेवते आणि गोळीचा बराच भाग रक्तात पोचतच नाही. म्हणजे ७५ ची गोळी तुम्हाला ७५ ची लागूच पडत नसावी. असे असताना टीएसएच इतका कोसळावा, हे जुळत नाही. म्हणून आधी बायोटिन थांबवा. दोन दिवसांचा खंड पुरतो असे म्हणतात, पण इतक्या मोठ्या मात्रेसाठी मी आठवडाभर थांबायला सांगते. मग त्याच लॅबमध्ये सकाळी, थायरॉईडची गोळी घेण्याआधी रक्त द्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ चढलेले असते, आणि टीएसएच दिवसभरात वरखाली होत असतो, तो पहाटे जास्त आणि दुपारी कमी. तुलना करायची तर वेळ तीच हवी. ०.२ पुन्हा आला तर डोस जास्त आहे हे मान्य करून तो कमी करू. नाही आला तर एका चुकीच्या रिपोर्टपायी तुम्ही औषध सोडणार होता.

आता जरा मुळाशी जाऊ, कारण दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासून डोस बदलणे मला या सगळ्यात जास्त खटकले आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली असलेली छोटी ग्रंथी. ती मुख्यतः टी४, म्हणजे थायरॉक्सिन सोडते. टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू असे अवयव त्यातला एक अणू काढून टाकतात आणि टी३ बनवून घेतात. पेशींत प्रत्यक्ष काम करते ते टी३. म्हणून गोळीत नुसते टी४ दिले तरी बहुतेकांचे भागते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, त्वचा, पाळी, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर त्याचा हात असतो. हार्मोन कमी पडले की सगळेच मंदावते. तक्रारी मात्र इतक्या सामान्य असतात की कोणाला वाटते वय झाले, कोणाला वाटते दगदग होते आहे.

टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोनच नव्हे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो आणि थायरॉईडला कामाला लावतो. रक्तात टी४ जरासे घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो. ही चाचणी इतकी उपयोगी ठरते ती त्यामुळे, आणि तिचा अर्थ लावताना चूक होते तीही त्यामुळेच. ९.२ म्हणजे ४.६ च्या दुप्पट आजार नव्हे. अनेक लॅबमध्ये नॉर्मलची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. त्यात १.८ चा ३.१ झाला म्हणून काही बिघडले असे नाही. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वाढलेला दिसतो आणि आपोआप खाली येतो. म्हणून थोडा वाढलेला पहिला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. गरोदरपण असेल किंवा आकडा फारच चढा असेल तर मात्र थांबायचे नाही.

थायरॉक्सिन शरीरात फार सावकाश जाते-येते. आज घेतलेल्या गोळीतले निम्मे थायरॉक्सिन सुमारे सात दिवसांनीही शरीरात असते. मोठ्या टाकीत बारीक धारेने पाणी सोडावे तसा हा प्रकार आहे. धार वाढवली तरी टाकीची पातळी नव्या जागी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पीयूषिका त्याच्याही थोडी मागे असते. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायचा, त्याआधी पाहून हाती काही लागत नाही. तुमचे २५ चे ५० झाले तेव्हा २५ ने काय केले हे कोणालाच माहीत नव्हते, आणि ५० चे ७५ झाले तेव्हाही तेच. अशा घाईने डोस पुढे निघून जातो, मग धडधड सुरू होते, मग तो एकदम खाली आणला जातो, आणि वर्ष वरखाली होण्यातच जाते. डोस एकदा बसला की सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी पुरते. अँटी-टीपीओ तर पुन्हा करूच नका. तो एकदा वाढलेला दिसला की त्याचे काम झाले, डोस त्यावरून ठरत नाही.

अँटी-टीपीओ वाढलेले म्हणजे हाशिमोटो थायरॉयडायटिस. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर चालून जाते आणि ग्रंथी वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जाते. तुमचे फ्री टी४ नॉर्मल होते, म्हणजे ग्रंथी अजून काम करत होती, पण ओढूनताणून. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉयडिझम म्हणतात. इंग्लंडमधल्या विकहॅम गावात लोकांचा २० वर्षे पाठपुरावा झाला. त्यात टीएसएच आणि अँटीबॉडी दोन्ही वाढलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४ टक्के जणींचा थायरॉईड पूर्ण कमी पडत गेला. म्हणजे पुढे जाण्याची शक्यता खरी आहे, पण ती उद्याची नाही.

मग अशा अवस्थेत गोळी द्यायची का? टीएसएच १० च्या पुढे असेल तर बहुतेक डॉक्टर देतात, मीही देते. ४.५ ते १० मध्ये माणूस बघून ठरवायचे. तुम्हाला दुसरे बाळ हवे आहे, अँटीबॉडी वाढलेल्या आहेत, म्हणून तुमची गोळी योग्यच आहे. ७५ वर्षांच्या आजोबांचा टीएसएच ६.५ असता तर मी बहुधा काहीच दिले नसते. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. २०१७ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ६५ च्या पुढच्या, सौम्य वाढ असलेल्या ७३७ जणांना थायरॉक्सिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली होती. वर्षभराने थकव्यात किंवा इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आणि वृद्ध माणसाला गोळी जास्त झाली तर हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. खरी गरज असेल तेव्हाही वृद्धांमध्ये आणि हृदयरोग्यांमध्ये १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू वर जायचे.

पण वृद्धांच्याच बाबतीत एक प्रसंग असा आहे की तिथे क्षणाचाही उशीर नको. थायरॉईड कमी असलेला, गोळ्या सोडलेला किंवा कधी तपासणीच न झालेला म्हातारा माणूस गुंगीत जाऊ लागला, अंग गार पडले, नाडी मंद झाली, त्यातच न्यूमोनियासारखा संसर्ग झालेला किंवा झोपेचे औषध दिलेले असेल, तर त्याला सरळ रुग्णालयात न्या. हे क्वचित घडते, पण घडले तर जीव जाऊ शकतो.

जन्मभराची गोळी हा शब्द तुम्हाला टोचतो आहे, हे समजते. सगळ्यांचीच गोळी जन्मभराची नसते. प्रसूतीनंतरच्या वर्षात होणारी थायरॉईडची सूज बऱ्याच जणींत ओसरते. विषाणूसंसर्गानंतरची सूजही बहुधा ओसरते. लिथियम (मनोविकारावरचे) किंवा अमिओडारोन (हृदयाच्या लयीसाठीचे) अशा औषधामुळे थायरॉईड मंदावला असेल तर ते औषध बदलल्यावर तो सावरू शकतो. पण ही औषधे मनाने बंद करायची नाहीत. हाशिमोटोत, किंवा ग्रंथी काढलेली असेल तेव्हा, गोळी बहुतेक कायमची असते. पण ही गोळी म्हणजे आजार दाबणारे परके रसायन नव्हे. तुमची ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तोच रेणू गोळीत असतो. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड पार बंद पडलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. तोवर या आजाराला औषधच नव्हते. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. आज आपल्या हाती त्याहून कितीतरी नेमके औषध आहे. डोस बरोबर असेल तर हाडे ठिसूळ होत नाहीत आणि हृदयाला धोका होत नाही. ते होते डोस वर्षानुवर्षे जास्त राहिला तर.

गोळी घ्यायची रीत हा भाग मी दर भेटीत पुन्हा विचारते, कारण टीएसएच खाली येत नसेल तर दहातल्या बहुतेकांचे कारण इथेच सापडते. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा ते एक तास पाण्याखेरीज काही नाही. कॉफीनेही शोषण घटते. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास दूर. तुमची लोहाची गोळी आजपासूनच दुपारी किंवा रात्री न्या. अ‍ॅसिडिटीची औषधे आणि मल्टिव्हिटॅमिन चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियम लपलेले असते. सकाळची गडबड असेल तर रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, काहींना तेच सोपे जाते. कोणतीही एक वेळ धरा आणि ती मोडू नका. एखादी गोळी विसरली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्या. टाकीत साठा असतो, एका दिवसाने काही बिघडत नाही. रिपोर्टच्या आधीचे चार दिवस नियमाने घेऊन मागचे दोन महिने झाकता येत नाहीत. टी४ नॉर्मल दिसते, टीएसएच खरे सांगतो. डबी उष्णता, ओल आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्या. कंपनी बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच पाहा.

लोहाची गोळी हलवल्यावर ७५ चा परिणाम वाढेल, हे लक्षात असू द्या. म्हणून आठवड्यानंतरच्या रिपोर्टमधून फक्त ०.२ चा निकाल लागेल. डोस बरोबर आहे की नाही, ते लोह बाजूला गेल्यावर सहा आठवड्यांनी कळेल. थायरॉईड पूर्ण बंद असेल तर दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. तुमची ग्रंथी अजून थोडे काम करते, त्यामुळे तुम्हाला त्याहून कमी लागेल.

सगळे नीट करूनही टीएसएच उतरत नसेल तर आतड्यांत बघावे लागते: सिलिॲक रोग (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा संसर्ग, पोटातले आम्ल फार कमी असणे. नुसता डोस वाढवत नेण्याआधी हे तपासलेले बरे.

वजनाबद्दल मी तुम्हाला स्पष्टच सांगते, कारण यातच सर्वांत जास्त निराशा पदरी येते. कमी थायरॉईडमुळे वाढणारे वजन सहसा दोन ते चार किलो असते, आणि त्यातला मोठा भाग अंगात साठलेल्या मिठाचा आणि पाण्याचा असतो. तुमचे फ्री टी४ तर नॉर्मलच होते. आठही किलो थायरॉईडच्या माथी मारता येणार नाहीत. गोळीने थोडी सूज उतरेल, बाकीचे आहार, हालचाल आणि झोप यांनीच उतरेल. वजन घटवण्यासाठी गोळी वाढवून मागणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. मी ठाम नाही म्हणते. जास्त थायरॉक्सिनने चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात, आणि हृदय बेताल होण्याची भीती असते.

कोबी-फ्लॉवर खुशाल खा. त्यातले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात हे खरे, पण शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही. सोया खात असाल तर गोळीपासून काही तास लांब ठेवा. आयोडीनचे मात्र उलटे आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, आयोडीनयुक्त मिठातून ते मिळते. हाशिमोटोत वरून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर ग्रंथी आणखी मंदावू शकते. सेलेनियम सरसकट घ्यावे असे सांगण्याइतका पुरावा नाही.

टीएसएच जागेवर आला आणि दोन-तीन महिन्यांनीही थकवा तसाच राहिला, तर थायरॉईडकडे बघणे थांबवा आणि इतरत्र बघा. तुम्ही लोह घेता ते फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून की अंदाजाने? जास्त रक्तस्राव होणारी पाळी, बी१२ ची कमतरता, घोरणे आणि तुटक झोप, उदास मन यातले प्रत्येक कारण थायरॉईडसारखाच थकवा देते. केस गळण्यामागेही बऱ्याचदा कमी लोहच निघते. टी४ बरोबर टी३ देण्याची पद्धत आहे, पण ती मोजक्या रुग्णांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. गरोदरपणाचा विचार असताना ती नको, कारण बाळाच्या मेंदूला आईच्या टी४ चाच आधार असतो.

आणि तुमच्या बाबतीत खरी घाई इथेच करायची आहे. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी गर्भाच्या साधारण बाराव्या आठवड्यापासून हार्मोन बनवू लागते आणि नीट काम करायला त्याहून पुढचे आठवडे जातात. तोवर आईचेच हार्मोन त्याला मिळते. म्हणून गरोदर राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली स्थिर झालेला असावा. दोन-तीन महिने थांबणे शक्य असेल तर थांबा, या वेळचा धीर पुढे उपयोगी पडेल. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. अशा वेळी साधारण पाव ते एक तृतीयांश डोस जास्त लागतो, आणि आठवड्याला दोन जादा गोळ्या हा त्यासाठीचा सोपा मार्ग आहे. हे तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी फक्त फोन करायचा राहील. नंतर गरोदरपणाचे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासायचा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम पुन्हा सुरू होईल, तेव्हा चार तासांचा नियम विसरू नका. अनेक जणींचा टीएसएच तिथेच चढतो.

प्रसूतीनंतर डोस गरोदरपणाआधीच्या जागेवर आणायचा आणि सहा आठवड्यांनी तपासायचा. स्तनपान करताना ही गोळी सुरक्षित आहे. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईड तपासला गेला का, हे मात्र तुम्ही स्वतः विचारून घ्या. जन्मतः थायरॉईड कमी असणे साधारण दोन ते चार हजार बाळांत एकाला आढळते. तुमच्या हाशिमोटोमुळे ते होईल अशी भीती बाळगायचे कारण नाही. बाळ दिसायला अगदी ठणठणीत असते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मेंदूची वाढ सहसा इतर मुलांसारखीच होते.